तुरुंग असलेल्या काउंटीचे आकडे दुरुस्त करताना

अमेरिकेच्या जनगणनेत कैद्याची नोंद त्याच्या घरी होत नाही. १ एप्रिलला, म्हणजे जनगणनेच्या दिवशी, तो ज्या तुरुंगात असेल, त्या तुरुंगाच्या पत्त्यावर होते. माणूस बहुतेक वेळ जिथे राहतो आणि झोपतो ते त्याचे नेहमीचे ठिकाण, असा नियम आहे, आणि तो कैद्यांनाही सरळ लावला जातो. त्यामुळे महानगरातला माणूस मोजला जातो शेकडो मैलांवरच्या एखाद्या शेतीच्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). तिथे तो बाजारात जात नाही, त्याची मुले तिथल्या शाळेत जात नाहीत, आणि मेन, व्हरमाँट व वॉशिंग्टन डी.सी. सोडले तर गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत असताना त्याला मतदानही करता येत नाही.

आयोवा राज्यातल्या अनामोसा गावात याचे टोक दिसले. तिथल्या दुसऱ्या वॉर्डाची कागदोपत्री लोकसंख्या इतर वॉर्डांइतकीच होती, पण त्यातले सुमारे १,३०० जण राज्य तुरुंगातले कैदी होते. बाहेर राहणारे ६० सुद्धा नव्हते. २००५ मध्ये त्या वॉर्डाचा नगरसेवक दोन मतांवर निवडून आला.

हे ठाऊक असलेले लोकही दुरुस्ती करताना चुकतात. कैदी आधीच वगळलेल्या आकड्यातून ते पुन्हा वजा करतात, अंशात कैदी ठेवून छेदातून काढतात, किंवा तुरुंगाची मंजूर क्षमता हीच कैद्यांची संख्या समजतात. म्हणून खालचा क्रम मोडू नये.

## १. आधी प्रश्न लिहा

‘या काउंटीची खरी लोकसंख्या किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुम्हाला आकडा कशासाठी हवा आहे ते एका वाक्यात लिहून काढा.

- वॉर्ड किंवा मतदारसंघ समान आहेत का, हे पाहायचे असेल तर कैदी वजा करायचे.
- उत्पन्न, शिक्षण, रोजगार, आजार यांचे दर काढायचे असतील तर त्या दराच्या छेदात कैदी धरलेले आहेत का, ते आधी पाहायचे.
- पाणी, सांडपाणी, वीज यांची गरज मोजायची असेल तर कैदी वजा करायचे नाहीत. तेही पाणी वापरतात.

तिसरा मुद्दा हमखास विसरला जातो. गावाच्या सांडपाणी प्रकल्पावर तुरुंगाचा भार खराच असतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. कैद्यांमुळे गावाला केंद्राचा भरपूर निधी मिळतो, असे बेधडक लिहिले जाते. बहुतेक मोठ्या योजनांचा पैसा राज्यांमार्फत येतो, आणि त्यांची सूत्रे गरिबी, शाळकरी मुले, रस्त्यांची लांबी अशा गोष्टींवरही चालतात. त्यामुळे निधीबद्दल विधान करायचे असेल तर त्या योजनेचे सूत्र उघडून पाहा. विकृती खात्रीने सापडते ती प्रतिनिधित्वात आणि दरडोई आकड्यांत.

## २. साहित्य

१. २०२० च्या जनगणनेची मतदारसंघ-पुनर्रचनेसाठीची फाइल, म्हणजे पी.एल. ९४-१७१. तीत पी१ तक्ता वंशानुसार एकूण लोकसंख्येचा, पी२ हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक, लॅटिन अमेरिकी) मूळ व वंशाचा, पी३ आणि पी४ त्याच गोष्टींचे पण १८ वर्षे व त्यावरील लोकांचे. आपल्याला मुख्यतः हवा तो पी५, म्हणजे समूह निवासांचा (तुरुंग, वसतिगृहे, शुश्रूषागृहे अशा ठिकाणांचा) तक्ता.

२. पी५ मधला पी००५०००३ हा स्तंभ. यात प्रौढांच्या तुरुंगांतली माणसे असतात. शेजारचा पी००५०००४ बालसुधारगृहांचा आणि पी००५०००५ शुश्रूषागृहांचा. पी००५०००२ घेऊ नका. त्यात या सगळ्यांची एकत्र बेरीज आहे आणि वृद्धाश्रमातल्या आजीबाईही कैद्यांबरोबर वजा होतात.

३. ब्लॉकच्या सीमांचे टायगर नकाशे (जनगणना विभागाचे). ब्लॉक हे जनगणनेचे सर्वांत लहान एकक.

४. वॉर्ड किंवा मतदारसंघांच्या सध्याच्या सीमा. या काउंटी किंवा नगरपालिकेकडून घ्या.

५. तुरुंगांची यादी, रस्त्याच्या पत्त्यासह. राज्य तुरुंग खात्याची, फेडरल (केंद्राच्या) तुरुंग विभागाची आणि काउंटीच्या शेरीफची (पोलीस प्रमुखाची) अशा तीन वेगळ्या याद्या लागतात. खासगी कंपन्या चालवतात ते तुरुंग यांतून निसटतात, ते वेगळे शोधा.

६. १ एप्रिल २०२० च्या आसपासचा प्रत्येक तुरुंगाचा कैदीसंख्या अहवाल.

खबरदारी: अहवालात ‘क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष संख्या’ असे दोन स्तंभ असतात. आपल्याला दुसरा हवा. २०२० च्या वसंतात कोविडमुळे अनेक ठिकाणी काउंटी जेलमधून, म्हणजे स्थानिक कोठडीतून, लोक सोडले गेले आणि राज्य तुरुंगांत नवीन कैदी घेणे थांबले होते. २०१९ च्या अखेरचा आकडा वापरलात तर तो जुळणार नाही.

## ३. तुरुंग शोधा आणि ब्लॉकला जोडा

आधी चाळणी लावा. ज्या ब्लॉकमध्ये पी००५०००३ चा आकडा १०० च्या वर आहे, किंवा ब्लॉकच्या एकूण लोकसंख्येच्या पाव भागाहून जास्त आहे, ते सगळे वेगळे काढा. काउंटीच्या पातळीवर काम असेल तर स्त्री-पुरुष प्रमाणही खूण देते. कोलोराडोतल्या क्रॉली काउंटीत २०१० मध्ये जवळपास निम्मी लोकसंख्या तुरुंगात होती, आणि तिथले पुरुषांचे प्रमाण पाहताच काहीतरी वेगळे आहे हे कळते. मात्र प्रमाणावरून थेट निष्कर्ष काढू नका. लष्करी तळ आणि तेलखाणींच्या वसाहतीही तशाच दिसतात.

मग चाळणीत उरलेला प्रत्येक ब्लॉक नकाशावर उघडा आणि उपग्रहचित्रात भिंत, मनोरे, पटांगण दिसते का ते पाहा. हे कंटाळवाणे काम टाळू नका, कारण नेमक्या इथेच तीन घोळ असतात.

- तुरुंग एका ब्लॉकमध्ये, पण नोंद शेजारच्या ब्लॉकमध्ये. वॉर्डाची सीमा त्या दोहोंच्या मधून जात असेल तर अख्खा तुरुंग चुकीच्या वॉर्डात पडतो.
- मोठा तुरुंग दोन-तीन ब्लॉकांत पसरलेला.
- तुरुंग गावाच्या हद्दीबाहेर आहे असे वाटते, पण गावाने ती जागा हद्दीत घेतलेली असते.

जनगणना विभागालाही हे घोळ माहीत आहेत. २०२० च्या आकड्यांवर आक्षेप नोंदवण्यासाठी मोजणी-दुरुस्तीची प्रक्रिया होती, आणि समूह निवासांसाठी वेगळे पुनरावलोकन जून २०२२ ते जून २०२३ या काळात चालले. पण त्यातून झालेले बदल पुढच्या वार्षिक अंदाजांत जातात. पी.एल. फाइल मूळचीच राहते. म्हणून दुरुस्ती झाल्याचे ऐकले तरी हातातल्या फाइलचा ब्लॉक स्वतः तपासा.

तपासणी: प्रत्येक तुरुंगासाठी जनगणनेचा आकडा आणि खात्याच्या अहवालातला आकडा शेजारी लिहा. पाच-दहांचा फरक चालेल. शेकड्यांत फरक असेल तर ब्लॉक चुकला आहे, तारीख चुकली आहे किंवा एकाच आवारातल्या दोन तुरुंगांपैकी एक राहून गेला आहे.

## ४. बेरीज आधी, वजाबाकी नंतर

२०२० मध्ये गोपनीयतेसाठी ब्लॉकच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे. राज्याची एकूण लोकसंख्या, ब्लॉकमधल्या घरांची संख्या आणि ब्लॉकमध्ये कोणत्या प्रकारचे किती समूह निवास आहेत, हे तसेच ठेवलेले आहे. त्या निवासांत माणसे किती, या आकड्यात मात्र गडबड आहे.

म्हणून एकेका ब्लॉकवर वजाबाकी करून त्यावर काही ठरवू नका. आधी वॉर्डातल्या सगळ्या ब्लॉकांची पी१ ची बेरीज करा, पी००५०००३ ची वेगळी बेरीज करा, आणि मगच वजा करा. बेरजेत गडबड बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते.

## ५. वॉर्डाचा हिशेब

एक कल्पित गाव घेऊ. लोकसंख्या १२,०००, वॉर्ड सहा, प्रत्येकी २,०००. तिसऱ्या वॉर्डात १,५०० कैद्यांचा तुरुंग.

१. कैदी वजा करून गावाची लोकसंख्या: १०,५००.
२. प्रत्येक वॉर्डाची आदर्श लोकसंख्या: १०,५०० ÷ ६ = १,७५०.
३. इतर पाच वॉर्डांचा फरक: (२,००० − १,७५०) ÷ १,७५० = अधिक १४.३ टक्के.
४. तिसऱ्या वॉर्डाचा फरक: (५०० − १,७५०) ÷ १,७५० = उणे ७१.४ टक्के.
५. एकूण पसारा, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वॉर्डाच्या फरकांमधले अंतर: ८५.७ टक्के.

स्थानिक आणि राज्य मतदारसंघांसाठी अमेरिकी न्यायालये साधारण १० टक्क्यांपर्यंतचा पसारा चालवून घेतात. इथे तिसऱ्या वॉर्डातल्या माणसाच्या मताचे वजन इतरांच्या चौपट झाले.

सर्रास होणारी चूक दुसऱ्या पायरीवर आहे. लोक वॉर्डातून कैदी काढतात, पण आदर्श लोकसंख्या जुनीच, २,००० ठेवतात. मग पसारा ७५ टक्के येतो आणि बाकीचे वॉर्ड ‘अगदी बरोबर’ दिसतात. प्रत्यक्षात प्रतिनिधित्व कमी मिळालेले लोक याच पाच वॉर्डांत आहेत.

न्यायालयाचा दाखला देताना एकच निकाल उचलू नका. फ्लोरिडातल्या जेफरसन काउंटीच्या प्रकरणात २०१६ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने कैदी धरून केलेली रचना घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या क्रॅन्स्टन शहराच्या प्रकरणात अपील न्यायालयाने उलट निर्णय दिला आणि शहराची रचना टिकवली. म्हणजे कैदी वगळायला मुभा आहे, पण देशभर सक्ती नाही. दोनशेहून अधिक काउंट्या आणि गावे मात्र आपणहून कैदी वगळून वॉर्ड आखतात, कारण तिथल्या लोकांनाच हा प्रकार हास्यास्पद वाटतो.

खबरदारी: पी००५०००३ मध्ये शिक्षा झालेल्यांबरोबर काउंटी जेलमध्ये खटल्याची वाट पाहणारेही असतात. त्यातले बरेच जण त्याच काउंटीचे रहिवासी आणि मतदारही असतात. मोठा राज्य तुरुंग आणि पन्नास जणांची स्थानिक जेल यांना एकच वागणूक देऊ नका. जेल ठेवली की वगळली, ते स्पष्ट लिहा.

कॉलेजची वसतिगृहे मात्र वजा करू नका. ‘तेही बाहेरचेच’ हा युक्तिवाद नेहमी येतो. पण विद्यार्थी गावात हिंडतो, खर्च करतो, तिथे मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो.

## ६. वंशाचे आकडे: इथे घाई नको

पी५ तक्त्यात वंश नाही. म्हणजे किती कैदी वजा करायचे ते कळते, पण कोणत्या गटातून किती, हे कळत नाही. आणि विकृती सर्वांत जास्त इथेच असते. मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत कृष्णवर्णीयांचे बहुमत राहावे म्हणून एक मतदारसंघ आखला होता. त्यातले बरेच कृष्णवर्णीय ‘रहिवासी’ तुरुंगात होते, आणि बहुमत कागदावरच राहिले. मेरीलँडने २०१० मध्ये कैद्यांना घरच्या पत्त्यावर मोजण्याचा कायदा केला. तो न्यायालयात टिकला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला.

दोन वाटा आहेत.

ब्लॉकमध्ये फक्त तुरुंगच असेल (पी१ आणि पी००५०००३ जवळपास सारखे, घरे शून्य) तर अख्खा ब्लॉकच वगळा. त्याबरोबर वंश, वय, लिंग सगळे आपोआप सुटते. हीच सगळ्यात स्वच्छ पद्धत.

ब्लॉक मिश्र असेल तर तुरुंग खात्याच्या अहवालातले वंशाचे प्रमाण घेऊन जनगणनेच्या कैदीसंख्येला लावा. इथे एक सापळा आहे. जनगणनेत हिस्पॅनिक मूळ आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न असतात. अनेक राज्यांच्या तुरुंग खात्यांत हिस्पॅनिक हा वंशाचाच एक प्रकार असतो. त्यामुळे पी१ शी तुलना केली की श्वेतवर्णीयांचा आकडा चुकतो. पी२ वापरा, कारण त्यात हिस्पॅनिक आधीच वेगळे काढलेले आहेत.

तपासणी: वजाबाकीनंतर कोणताही गट उणे झाला तर थांबा. उणे आकडा शून्य करून पुढे जाणे म्हणजे चूक झाकणे.

## ७. दर आणि सरासऱ्या

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना विभागाच्या नमुना सर्वेक्षणातले बहुतेक निर्देशांक वापरताना प्रत्येकाचा छेद वेगळा असतो, हे लक्षात ठेवा.

- गरिबीचा दर: कैदी छेदात नसतातच. काही वजा करू नका. दुहेरी वजाबाकी सर्वांत जास्त इथे होते.
- कुटुंबाचे मध्यम उत्पन्न: फक्त घरांत राहणाऱ्या कुटुंबांवर आधारित. हात लावू नका.
- दरडोई उत्पन्न: छेदात सगळे, कैदीसुद्धा. बाहेरचे ८,००० लोक सरासरी ३०,००० डॉलर कमावत असतील आणि आत २,००० कैदी जवळपास काहीच कमावत नसतील, तर दरडोई आकडा २४,००० वर येतो. गाव गरीब झालेले नाही.
- श्रमशक्ती सहभाग: या सर्वेक्षणात कैदी ‘श्रमशक्तीबाहेर’ धरले जातात, म्हणून सहभाग पडलेला दिसतो. बेरोजगारीच्या दरावर मात्र परिणाम होत नाही, कारण त्याच्या छेदात फक्त काम करणारे आणि शोधणारे असतात.
- शिक्षण (२५ वर्षांवरील): छेदात कैदीही धरलेले असतात.

लहान भागांत समूह निवासांची माहिती या सर्वेक्षणात नमुन्यावर आणि काही प्रमाणात अंदाजाने भरलेली असते. एका ट्रॅक्टच्या (अनेक ब्लॉकांच्या जनगणना विभागाच्या) शिक्षणाच्या आकड्यावरून मोठे निष्कर्ष काढू नका.

आजार आणि गुन्ह्यांच्या दरात अंश आणि छेद जुळवणे हेच खरे काम. २०२० च्या वसंतात दरडोई कोविड रुग्णांच्या यादीत टेनेसीतली ट्राउसडेल, ओहायोतली मॅरियन, अर्कान्सातली लिंकन अशा काउंट्या अचानक वर आल्या. रुग्णांची लाट तुरुंगात होती. अशा वेळी छेदातून कैदी काढले आणि अंशात तुरुंगातले रुग्ण तसेच ठेवले तर दर आणखी फुगतो, म्हणजे दुरुस्तीने चूक वाढते. एक तर दोन्हीकडून काढा, नाही तर दोन्हीकडे ठेवा. तुरुंगाचा दर वेगळा आणि बाहेरचा वेगळा असे दोन आकडे देणे सर्वांत प्रामाणिक.

## ८. दोन जनगणनांची तुलना

२०१० मध्ये ४,००० वस्तीचे गाव. नंतर १,२०० कैद्यांचा तुरुंग उघडला. २०२० मध्ये लोकसंख्या ४,९००. बातमी होते ‘२२.५ टक्के वाढ’. तुरुंग वगळला तर ३,७००, म्हणजे साडेसात टक्के घट.

अशी तुलना करताना दोन्ही वर्षांत तीच वजाबाकी हवी. अडचण अशी की २०१० च्या पुनर्रचना फाइलमध्ये समूह निवासांचा तक्ता नव्हता. तो आकडा त्या वर्षीच्या वेगळ्या फाइलींतून घ्यावा लागतो. शिवाय दहा वर्षांत ब्लॉकच्या सीमा बदलतात. २०१० चा ब्लॉक क्रमांक २०२० च्या फाइलवर सरळ जोडू नका.

## ९. घरच्या पत्त्यावर परत नेणे

मेरीलँड, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया अशी काही राज्ये कैद्यांना मूळ पत्त्यावर मोजतात. त्यासाठी तुरुंग खात्याची अटकेपूर्वीच्या पत्त्यांची गोपनीय यादी लागते. बाहेरच्या अभ्यासकाने तिच्या नादी लागू नये. कैद्याचा मूळ पत्ता म्हणून शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाची काउंटी धरणे हा सोपा पण खोटा पर्याय आहे. गुन्हा एकीकडे, खटला तिथेच, घर भलतीकडे, असे सर्रास असते.

नुसती वजाबाकी पुरेशी असते का? बहुतेक कामांसाठी, हो. कैदी येतात शेकडो ब्लॉकांतून आणि जमा होतात एका ब्लॉकमध्ये. तुरुंगाच्या ठिकाणची विकृती प्रचंड, घरच्या ठिकाणची पातळ पसरलेली. मोठ्या शहरातल्या ठरावीक वस्त्या मात्र अपवाद. तिथे राज्याने प्रसिद्ध केलेली दुरुस्त फाइल असेल तर तीच वापरा.

## १०. ही रीत महाराष्ट्रात लावायची असेल तर

आपल्या जनगणनेत तुरुंग हे वसतिगृह, आश्रम, अनाथालय यांच्याबरोबर ‘संस्थात्मक कुटुंब’ या सदरात येतात. म्हणजे बंदी मोजला जातो तुरुंगाच्या प्रगणक गटात (एका प्रगणकाकडे मोजणीसाठी दिलेल्या भागात). मतदार यादीचा नियम मात्र उलटा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० नुसार केवळ तुरुंगात ठेवल्यामुळे कोणी तिथला सामान्य रहिवासी होत नाही. शिवाय १९५१ च्या कायद्याच्या कलम ६२(५) मुळे प्रतिबंधात्मक स्थानबद्ध सोडले तर कच्च्या कैद्यांनाही मतदान करता येत नाही, आणि देशातले सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चेच आहेत.

प्रभाग रचना प्रगणक गटांच्या एकूण लोकसंख्येवर होते, म्हणून तत्त्वतः हाच प्रश्न इथेही आहे. पण आकार पाहा. येरवडा, नाशिक रोड, हर्सूल ही मध्यवर्ती कारागृहे मोठ्या महापालिकांत आहेत. तिथल्या प्रभागाच्या हजारोंच्या वस्तीत काही हजार बंद्यांनी अमेरिकेतल्यासारखी उलथापालथ होत नाही. अडचण येईल ती लहान नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीच्या वॉर्डात.

प्राथमिक जनगणना साराच्या नेहमीच्या तक्त्यात संस्थात्मक लोकसंख्येचा वेगळा स्तंभ नसतो, म्हणून पी५ सारखी सरळ वजाबाकी जमत नाही. तीन खुणा एकत्र पाहा: लोकसंख्या भागिले कुटुंबसंख्या हा आकडा शेजारच्या वॉर्डांपेक्षा खूप मोठा, ० ते ६ वयाच्या मुलांचे प्रमाण खूप कमी, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया फारच थोड्या. तिन्ही जुळल्या तर मतदारसंख्या आणि लोकसंख्येचे गुणोत्तर काढा. ते शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी असेल तर तुरुंग, वसतिगृह की छावणी, हे जागेवर जाऊन विचारा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तुलनेसाठी कारागृहाची बंदीसंख्या नेमकी त्या तारखेची मागून ठेवा, वर्षअखेरची नाही.